पावतीवर करसवलत, मग पैसा फक्त आपल्याच शाळेचा कसा?

आमच्या शाळेच्या पीटीओची, म्हणजे पालक-शिक्षक संस्थेची, ट्रेझरर मी झाले ती केवळ मीटिंगला उशिरा पोचले म्हणून. पार्किंग शोधून आत जाईपर्यंत बाकीची पदं वाटून झाली होती, उरलेलं माझ्या नावावर टाकून मंडळी डोनटकडे वळलेली. आधीच्या ट्रेझररने एक कापडी पिशवी हातात दिली, तिच्यात चेकबुक, एक जाड फाइल आणि चिठ्ठीवर लिहिलेले चार पासवर्ड, ज्यातले दोन चालत नव्हते. कॉलेजात असताना गावी आमच्या गल्लीच्या गणपतीचं पावती पुस्तक मी सांभाळलंय, वर्गणी मागायची, पावती फाडायची, मांडववाल्याचे पैसे द्यायचे, उरले तर पुढच्या वर्षाला आणि कमी पडले तर कुठल्यातरी काकांच्या खिशातून. मला वाटलं हेही तसंच असणार. तसं नसतं हे कळायला एक नोव्हेंबर जावा लागला, ते पुढे येईलच.

आत्ता लिहायला बसले कारण आमच्या डिस्ट्रिक्टमधे सध्या एक प्रस्ताव फिरतोय. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे बरं का. इथे कॅलिफोर्नियात बहुतेक ठिकाणी स्कूल डिस्ट्रिक्ट ही शहर आणि काउंटी दोन्हींपासून वेगळी संस्था असते, तिचं निवडून आलेलं बोर्ड, तिचं वेगळं बजेट. आमच्या डिस्ट्रिक्टमधे चौदा शाळा, त्यातल्या नऊ शाळांमधे पालक-शिक्षकांची रीतसर रजिस्टर केलेली नॉनप्रॉफिट संस्था आहे, उरलेल्या पाचांत एकतर काहीच नाही किंवा दोनचार आया मिळून जमेल तसं करतात. प्रस्ताव असा की सगळ्या चौदा शाळांत नॉनप्रॉफिट उभं करायचं, डिस्ट्रिक्ट मदत करेल. मीटिंगमधे टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. आणि घरी येताना गाडीत नवऱ्याला म्हटलं की यावरून भांडणं होणार आणि ती झालीच पाहिजेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना शिव्या घालायच्यात त्यांना शेवटपर्यंत वाचत बसायला नको. प्रत्येक शाळेत पालकांचा गट हवाच, त्यात वाद नाही. पण प्रत्येक शाळेला वेगळं नॉनप्रॉफिट, वेगळा टॅक्स नंबर आणि वेगळी तिजोरी करून दिली तर आज जी दरी आहे तीच आपण शिक्का मारून पक्की करू. गट चौदा असूदेत, संस्था एकच असावी, आणि ज्या पैशातून माणसांचे पगार निघतात तो पैसा तरी सगळ्यांचा एकत्र असावा.

आता ही नॉनप्रॉफिटची भानगड काय ते बघू. करकायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली आयआरएसची, म्हणजे केंद्रीय करखात्याची, मान्यता मिळाली की संस्थेला इन्कम टॅक्स नाही आणि देणगी देणाऱ्याला ती आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा, म्हणजे डिडक्ट, करता येते. एवढंच असतं तर मी एवढी हमरीतुमरीवर आले नसते, कारण बरेच लोक स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरलेली वजावट, घेतात आणि त्या पावतीचा फायदा मुख्यतः मोठं घर, मोठं कर्ज, मोठा पगार असलेल्यांनाच होतो. खरी गंमत मॅचिंगमधे आहे. इथल्या टेक कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात, शंभर डॉलर दिले की शाळेला दोनशे पोचतात. पण कंपनीच्या पोर्टलवर शाळेचं नॉनप्रॉफिट दिसलं पाहिजे, मान्यता नाही तर सहसा मॅचिंग नाही. म्हणजे ज्या शाळेत टेक कंपनीतले आईबाप आहेत तिथे डॉलरला जोडीला डॉलर, आणि ज्या शाळेतले आईबाप त्याच कंपन्यांच्या कॅन्टीनमधे कंत्राटावर भांडी घासतात त्यांच्या शाळेला पोर्टलही नाही आणि तिथे लॉगिन करणारा बापही नाही.

आमच्या शाळेत वर्षाच्या सुरुवातीला ईमेल येते, प्रत्येक मुलामागे अमुक इतके डॉलर 'सजेस्टेड डोनेशन'. नवीन आलेले आपले लोक घाबरून मला फोन करतात, ही फी आहे का हो, नाही भरली तर मुलाला काढतील का. नाही काढणार. कॅलिफोर्नियात पब्लिक स्कूलला, म्हणजे सरकारी शाळेला, फी घेताच येत नाही, १९८४ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हार्टझेल विरुद्ध कॉनेल या केसमधे खेळ-नाटकासारख्या उपक्रमांसाठीसुद्धा फी लावता येणार नाही असं सांगितलं आणि २०१२ मधे त्यावर कायदाही झाला. देणगी ऐच्छिक. आता ऐच्छिक म्हणायचं आणि वर्गनिहाय टक्केवारीचा चार्ट गेटवर लावायचा, कोणत्या वर्गाचे किती पालक 'सहभागी' झाले, हे कितपत ऐच्छिक ते तुम्हीच ठरवा. आपल्याकडे वर्गणीला दारात आलेली पोरं तरी सरळ तोंडावर मागतात.

हे पैसे लागतात कशाला, सरकारी शाळा ना, असं माझे बाबा विचारतात. ते जिल्हा परिषदेचे शिक्षक होते त्यामुळे त्यांचा प्रश्न बरोबरच आहे. याची मुळं जरा जुनी आहेत. पूर्वी इथे शाळा मुख्यतः त्या त्या भागातल्या प्रॉपर्टी टॅक्सवर चालायच्या, श्रीमंत वस्तीत महाग घरं म्हणून शाळेला भरपूर पैसा, गरीब वस्तीत ठणठणाट. १९७१ मधे सेरानो विरुद्ध प्रीस्ट या केसमधे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं चालणार नाही, मुलाचं शिक्षण शेजाऱ्यांच्या घराच्या किमतीवर ठरू शकत नाही. मग १९७८ मधे लोकांनी प्रॉपोझिशन १३ पास करून प्रॉपर्टी टॅक्सच घराच्या नोंदलेल्या किमतीच्या साधारण एक टक्क्यावर बांधून टाकला. शाळांचा पैसा आटला. आणि चांगल्या वस्त्यांमधे पालकांनी काय केलं, तर फाउंडेशनं काढली, पीटीओ काढले आणि टॅक्समधून जे येत नव्हतं ते चेक लिहून आणायला सुरुवात केली. म्हणजे कोर्टाने पुढच्या दाराने जी असमानता बाहेर काढली ती मागच्या दाराने आत आली, आणि यावेळी तिच्या हातात करसवलतीची पावती होती.

आमच्या शाळेचा पीटीओ आर्ट टीचरचा पगार देतो, सायन्स लॅबच्या मदतनीसाचा देतो, लायब्ररीचे वाढीव तास देतो. आमचं वार्षिक बजेट सहा आकडी आहे, आणि मी ते सांभाळताना रात्री झोपेतून उठून बेरीज तपासलीय. इथून गाडीने दहा मिनिटांवर त्याच डिस्ट्रिक्टची दुसरी शाळा आहे, तोच सुपरिंटेंडंट, तीच युनियन, तेच कॅलेंडर. तिथे ऑफिसात माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, मेक्सिकोहून आलेल्या, सगळ्या त्यांना नावाने हाक मारतात पण मी आपली सवयीने ताईच म्हणते आणि त्यांना आता त्याचा अर्थ माहीत आहे. तिथे बेक सेल होतो, काहीशे डॉलर जमतात, त्यातून पाचवीच्या निरोपसमारंभाचा पिझ्झा येतो. लायब्ररी आठवड्यातले दोनच दिवस उघडी असते. दोन्ही शाळा पब्लिक, दोन्ही फुकट.

२०१७ मधे सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेस या संस्थेने याचा अंदाज काढला होता. देशभरातले पीटीए, म्हणजे आमच्या पीटीओसारख्याच पालक-शिक्षक संस्था, मिळून वर्षाला साधारण ४२.५ कोटी डॉलर जमवतात, आणि त्यातले सुमारे दहा टक्के पैसे अशा शाळांत जातात ज्यांत देशातले जेमतेम ०.१ टक्के विद्यार्थी शिकतात. यावर कोणी म्हणेल की देशातल्या पाचेक कोटी पब्लिक स्कूलच्या मुलांमधे ४२.५ कोटी वाटले तर डोक्यामागे आठ-नऊ डॉलर पडतात, एवढ्यासाठी काय रडायचं. बरोबर आहे, सरासरी काढली तर काहीच नाही. पण सरासरीने पिझ्झासुद्धा येत नाही आणि आर्ट टीचरही येत नाही, ते त्या ०.१ टक्क्याकडे खरोखर येतात.

आता नोव्हेंबरची गोष्ट. नॉनप्रॉफिट काढणं म्हणजे एक फॉर्म भरला की झालं असं डिस्ट्रिक्टच्या प्रेझेंटेशनमधे तीन स्लाइडमधे दाखवलं. प्रत्यक्षात आधी राज्याकडे संस्थेची नोंदणी, मग आयआरएसकडून ईआयएन म्हणजे संस्थेचा टॅक्स नंबर, घटना म्हणजे बायलॉज, मग करमान्यतेचा अर्ज म्हणजे फॉर्म १०२३, आणि पुढच्या तीन वर्षांत वार्षिक जमा ५०,००० डॉलरच्या वर जाणार नसेल तर त्याची छोटी आवृत्ती १०२३-ईझी जिची फी २७५ डॉलर. शिवाय राज्याच्या करखात्याकडे, म्हणजे फ्रँचायझ टॅक्स बोर्डाकडे वेगळं, अॅटर्नी जनरलच्या चॅरिटी रजिस्ट्रीकडे वेगळं. लॉटरी म्हणजे रॅफल काढायचं तर त्याची आणखी वेगळी नोंद, आणि इथल्या कायद्याप्रमाणे रॅफलच्या जमेतले नव्वद टक्के त्या कामालाच गेले पाहिजेत, त्यामुळे निम्मे बक्षिसाला निम्मे शाळेला ही जी लोकांची आवडती पद्धत आहे ती बेकायदा, आणि ती सर्रास चालते. हे सगळं झालं की दरवर्षी आयआरएसला रिटर्न. छोट्या संस्थांना ९९०-एन नावाचं पोस्टकार्ड, म्हणजे खरं पोस्टकार्ड नाही, ऑनलाइन आठ प्रश्न. शाळेचं वर्ष ३० जूनला संपतं असं धरलं तर मुदत १५ नोव्हेंबर. आठ प्रश्न, दहा मिनिटांचं काम. पण सलग तीन वर्षं नाही भरलं तर मान्यता आपोआप जाते, कोणी फोन करून विचारत नाही.

मी पिशवी उघडली तेव्हा कळलं की आमचं आधीच्या वर्षीचं राहून गेलंय. पीटीओ मोठा म्हणजे आम्हाला पोस्टकार्ड नाही, मोठा फॉर्म. आमच्या पालकांत दोन सीपीए, म्हणजे इथले सीए, होते, एका वीकेंडला कॉफी आणि समोसे देऊन मी त्यांना डायनिंग टेबलाशी बसवलं आणि प्रकरण मिटलं. त्या दुसऱ्या शाळेत सीपीए कुठून आणायचे? २००६ च्या कायद्याने हा तीन वर्षांचा नियम आला आणि २०११ मधे आयआरएसने पहिली यादी काढली तेव्हा एका झटक्यात सुमारे २,७५,००० संस्थांची मान्यता गेलेली होती. त्यातल्या बऱ्याच कधीच बंद पडलेल्या होत्या, मान्य, पण कागदाच्या भाराखाली छोटी संस्था कशी मरते त्याचं ते चित्र आहे. तिथे कुणी चोर नसतं, मुलं पाचवी पास होऊन पुढच्या शाळेत जातात आणि त्यांच्याबरोबर ज्या आईकडे पासवर्ड होता तीही जाते.

म्हणून म्हणते, पाच गरीब शाळांना 'तुम्हीही तुमचं नॉनप्रॉफिट काढा, आम्ही वर्कशॉप घेतो' असं सांगणं म्हणजे मदत नाही, दुष्काळात तेरावा महिना आहे. दोन नोकऱ्या करणाऱ्या, इंग्रजी फॉर्म वाचताना अडखळणाऱ्या आईच्या डोक्यावर तुम्ही अॅटर्नी जनरल ठेवताय. त्यापेक्षा डिस्ट्रिक्टभराची एकच संस्था करा. एक ईआयएन, एक पगारी हिशेबनीस, अर्धवेळ चालेल, एक इन्शुरन्स, एक रिटर्न. तिच्याखाली चौदा शाळांची चौदा खाती, प्रत्येक शाळेचा आपला गट, आपले कार्यक्रम, आपली भांडणं. कंपनीच्या मॅचिंग पोर्टलवर एकच नाव आणि त्याखाली चौदाही शाळा. असल्या छत्रीत नवीन काही नाही. जी मंडळी नॅशनल पीटीएशी जोडलेल्या पीटीएमधे आहेत त्यांची करमान्यता अशीच राज्याच्या संघटनेच्या छत्रीखाली येते, त्याबदल्यात दर मेंबरमागे वर्गणी वर पाठवायची. आमच्यासारखे पीटीओ ती वर्गणी वाचवायला स्वतंत्र झाले. आणि आपल्या मराठी माणसांना तरी छत्री समजावून सांगायला नको, बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून अमेरिकाभरच्या मंडळांना धरून आहे, आणि तरी प्रत्येक मंडळाची दिवाळी आणि त्यातले रुसवेफुगवे स्वतंत्रच आहेत.

इथपर्यंत सगळे माना डोलावतात. कागदपत्रं एकत्र करा म्हटलं की कोणाला हरकत नसते. पैसे एकत्र म्हटलं की घोडं पेंड खातं.

आमच्याच बोर्डावरच्या एका पालकाने मला सरळ सांगितलं, मी माझ्या मुलाच्या शाळेसाठी देतो, दुसऱ्या शाळेसाठी द्यायचं असेल तर मी बाहेरच्या कुठल्याही चॅरिटीला देईन. प्रामाणिक माणूस आहे, मला आवडतो. पण त्याचं पहिलं वाक्यच कायद्याच्या जवळ जाऊन धडपडतं. ५०१(सी)(३) ला सवलत मिळते ती तिचा लाभ खासगी नसून सार्वजनिक आहे म्हणून. व्हर्जिनियात एक जिम्नॅस्टिक्सचा बूस्टर क्लब, म्हणजे खेळणाऱ्या मुलांच्या पालकांची निधी जमवणारी संस्था, होता, तिथे जो पालक फंडरेझिंगमधे जितकं विकेल तितकी त्याच्याच मुलाची फी कमी व्हायची, ज्यांनी विकलं नाही त्यांच्या मुलांना शून्य. आयआरएसने मान्यता काढली आणि २०१३ मधे टॅक्स कोर्टाने ते योग्य ठरवलं, कॅपिटल जिम्नॅस्टिक्स केस म्हणून प्रसिद्ध आहे. पीटीओ तसं करत नाही, पूर्ण शाळेला देतो, त्यामुळे कायद्याने आम्ही सुरक्षित आहोत. पण जरा विचार करा, आठ लाख डॉलरच्या आतलं घर मिळत नाही अशा वस्तीची शाळा म्हणजे कितपत 'सार्वजनिक'? त्या देणगीवर जो टॅक्स माफ झाला तो भरून काढणाऱ्यात ताईसुद्धा आहेत. सवलत सगळ्यांच्या खिशातून घ्यायची आणि आर्ट टीचर आपल्याच फाटकाच्या आत ठेवायचा, याला मी देणगी म्हणत नाही, ती सवलतीत घेतलेली फी आहे.

ज्या ठिकाणी हे करून बघितलं तिथे काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर मी नुसतीच गोड बोलतेय असं होईल. ऑरेगनमधल्या पोर्टलंडला बरीच वर्षं अशी पद्धत होती की शाळेच्या फाउंडेशनने शिक्षकांसाठी पैसे जमवले तर पहिल्या १०,००० डॉलरनंतरच्या रकमेतला एक तृतीयांश हिस्सा सामायिक फंडात जायचा आणि तिथून गरजू शाळांना. ऐकायला छान. प्रत्यक्षात दोन तृतीयांश श्रीमंत शाळेतच राहायचे आणि उरलेले बऱ्याच शाळांत थोडे थोडे वाटले जायचे. शेवटी २०२४ मधे बोर्डाने आपल्यापुरत्या शाळेसाठी माणसं नेमायला पैसे जमवणंच बंद करायचं ठरवलं. पालक चिडले, काहींनी सांगितलं आता आम्ही देणारच नाही. कॅलिफोर्नियात सँटा मोनिका-मालिबू डिस्ट्रिक्टने २०११ मधे ठरवलं की शिक्षक आणि मदतनीसांसाठीचा पैसा फक्त डिस्ट्रिक्टभरच्या फाउंडेशनमार्फत, पीटीएंनी बाकीच्या गोष्टींसाठी जमवावा. मालिबू हे समुद्रकाठचं, श्रीमंतांचं. आम्हाला वेगळा डिस्ट्रिक्ट द्या ही तिथली मागणी होतीच, या निर्णयाने तिला आणखी धार आली. म्हणजे पैसे एकत्र करायला जाल तर लोक घरच वेगळं करायला निघतात, हे आपल्या एकत्र कुटुंबांनी पण पाहिलंय की.

पालो आल्टोत मात्र पार्टनर्स इन एज्युकेशन नावाचं फाउंडेशन सगळ्या डिस्ट्रिक्टसाठी पैसे जमवतं आणि ते विद्यार्थिसंख्येप्रमाणे सगळ्या शाळांना जातात, आणि ते व्यवस्थित चाललंय. हे उदाहरण मी पहिल्या मीटिंगमधे मोठ्या तोऱ्यात दिलं होतं. एका आजोबांनी, बहुतेक कुणाच्या तरी नातवासाठी आले होते, शांतपणे विचारलं की ईस्ट पालो आल्टोला त्यातले किती जातात? शून्य. ते शेजारचंच पण गरीब गाव, तिथे वेगळी काउंटी, वेगळा रेव्हन्सवुड डिस्ट्रिक्ट. श्रीमंतांनी श्रीमंतांत वाटून घेणं सोपं असतं. मी गप्प बसले. अजूनही त्याला माझ्याकडे उत्तर नाही, डिस्ट्रिक्टची कुंपणं मोडणं पीटीओच्या हातात नाही. पण आमच्या डिस्ट्रिक्टमधे गरीब आणि श्रीमंत दोघंही एकाच कुंपणात आहेत, निदान तिथे तरी करता येण्यासारखं आहे ते करावं, एवढंच.

दुसरा मुद्दा येतो टायटल वनचा. गरीब शाळांना केंद्राकडून टायटल वनचे पैसे मिळतात, २०१३ पासून राज्याच्या नव्या सूत्राप्रमाणे कमी उत्पन्नाच्या आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांमागे डिस्ट्रिक्टला जास्त पैसे मिळतात, मग आमचे कशाला हवेत? मुद्दा खोटा नाही. काही ठिकाणी त्या शाळांचा डोक्यामागचा सरकारी खर्च आमच्यापेक्षा जास्त निघेल. पण तो पैसा मुलं मागे पडू नयेत म्हणून असतो, वाचनाचा वेगळा तास, इंग्रजीची मदत, समुपदेशक. त्याला अटी असतात, अहवाल असतात. पीटीओचा पैसा मोकळा असतो, त्यातून चित्रकला येते, बाग येते, रेडवुडच्या जंगलात तीन दिवसांचा कॅम्प येतो. म्हणजे एका शाळेतल्या मुलांना औषध आणि दुसऱ्या शाळेतल्या मुलांना जेवणानंतरचं गोड, आणि वर म्हणायचं की दोघांना सारख्याच किमतीचं दिलंय.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. माणसांच्या पगाराचा पैसा एकत्र फंडात जावा आणि तो विद्यार्थिसंख्या व गरज बघून वाटावा. पिझ्झा, सहल, पुस्तक मेळा, शिक्षकांना वर्गखर्चाला दिलेले दोनशे डॉलर, हे ज्या शाळेत जमले तिथेच राहावेत, त्यात कोणी हात घालू नये, कारण आपल्या शाळेसाठी केक भाजायचा उत्साह सामायिक फंडासाठी येत नाही हे मलाही कळतं. देणग्या सुरुवातीला कमी होतील. होऊदेत. पहिल्या वर्षी तर फक्त हिशेब उघडा केला तरी पुरे, न्यूयॉर्क शहराने २०१८ मधे कायदा करून शाळानिहाय पीटीएची जमा-खर्चाची माहिती प्रसिद्ध करायला लावली. आमच्याकडे चौदा शाळांचे आकडे एका पानावर शेजारी शेजारी छापले तरी निम्मं काम होईल. आत्ता ते कोणी बघितलेलेच नाहीत, मी सोडून, आणि मलाही ते कॅफेटेरियात चौदा ठिकाणच्या लोकांशी गप्पा मारून जमवावे लागले.

एक भीती मात्र मला खरी वाटते, आणि ती पैशाची नाही. ही छत्री डिस्ट्रिक्टच्या हातात गेली तर? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. पालकांची संस्था डिस्ट्रिक्टच्या ऑफिसातून चालायला लागली की ती डिस्ट्रिक्टला प्रश्न विचारणं बंद करते. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने, २००९ च्या, शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात असं लिहून ठेवलंय, कागदावर अमेरिकेच्या कितीतरी पुढे. पण मुख्याध्यापक सदस्य-सचिव, त्यामुळे इतिवृत्त त्यांच्याच हस्ताक्षरात. बाबा सांगतात की त्यांच्या एका शाळेत समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आधी लिहून व्हायचं आणि मग शिपाई रजिस्टर घेऊन सह्यांसाठी शेतावर जायचा. तेव्हा इथली छत्री संस्था स्वतंत्र हवी, तिच्या बोर्डावर डिस्ट्रिक्टचा माणूस बसूदे पण मत नको, आणि चौदाही शाळांना एकेक मत, देणगी कितीही असो.

आणि त्या मतावर कोण बसणार? इथल्या पीटीओ बोर्डात नेहमी तेच चेहरे, कारण मीटिंग सकाळी साडेनऊला, ज्यांना त्यावेळी कॉफीचा कप घेऊन बसता येतं तेच निवडून येतात. इथे मला महाराष्ट्राची एक गोष्ट खरंच चांगली वाटते. २०११ च्या शुल्क नियमन कायद्यात खासगी शाळांच्या पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून सोडत काढून ठरवतात, चिठ्ठ्या टाकून. तिथेही पळवाटा काढतात, ऐकते मी बहिणीकडून, पण कल्पना झकास आहे. मी आमच्या मीटिंगमधे सुचवली तर लोक हसले, म्हणाले चिठ्ठीने नको तो माणूस आला तर? मी कशी आले विसरलात का, म्हटलं.

आपल्या लोकांबद्दल एक बोलून ठेवते, रागावू नका. मंदिराच्या शिखराला आपण हजारो डॉलर देतो, मराठी शाळेत दर रविवारी फुकट शिकवतो, ढोलताशासाठी तीन महिने प्रॅक्टिस करतो. पीटीओचं नाव काढलं की 'टॅक्स भरतो ना आपण' किंवा मॅचिंगचं बटण दाबून मोकळे. पैसे देऊन मोकळं होणं ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. हिशेब, रिटर्न, पोर्टल, एक्सेल यात आपल्याइतकी वाकबगार जमात इथे दुसरी नाही, आणि त्या पाच शाळांना नेमकं तेच हवंय, चेकच्याही आधी.

ताईंच्या शाळेत मागच्या महिन्यात कळलं की त्यांचा एक जुना पॅरेंट क्लब होता, रीतसर मान्यता असलेला, काही वर्षांपूर्वी कोणीतरी धडपड करून काढलेला. आयआरएसच्या साइटवर नाव शोधलं तर मान्यता गेलेल्यांच्या यादीत निघाला. बँकेत त्याचे अजून चारशे बारा डॉलर पडून आहेत, सही करणारी बाई टेक्ससला गेली. शनिवारी ताई तिचा नंबर घेऊन माझ्याकडे येणार आहेत, मी समोसे आणि त्या दोन सीपीएंपैकी एकाला सांगून ठेवलंय.